गप्प बसणारी मुलगी

बालकमंदिरात माझी नेमणूक झाली ती तीन महिन्यांच्या बोलीवर. ठाण्यात, टेंभी नाक्यापासून जवळच, एका देवळामागच्या दोन खोल्यांत ते भरायचं. स्वातंत्र्य मिळून चार-पाच वर्षं झाली होती. पुण्याला बालशिक्षणाचा वर्ग करून मी नुकतीच परतले होते आणि मावशीकडे राहत होते. मुलं शांत बसवता आली तर नोकरी कायम, असं मोठ्या बाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं. नाही आली तर कल्याणला घरी परत, आणि तिथे वडिलांनी दोन स्थळं पाहून ठेवलेलीच होती.

शांत बसवायचं, आणि तेही मी! माझ्या स्वतःच्याच पायाला भिंगरी. जेवताना मांडी हलते म्हणून आईच्या चापट्या खाल्लेली मुलगी मी. आता तीस पोरांपुढे उभं राहून ‘हाताची घडी, तोंडावर बोट’ म्हणायचं, आणि तोंडावरचं बोट नाकात गेलं की ते बाहेर काढायचं. एक रडायला लागलं की बाकीची लगेच सूर धरत. चड्डीच्या नाडीची गाठ बसली की पोर माझ्याकडे धावे, आणि बहुधा उशिराच पोहोचे. मधेच एखादा मुलगा चुकून मला ‘आई’ म्हणायचा आणि लाजून जीभ चावायचा. त्या दिवशी मी मावशीकडे जवळजवळ धावतच जायची. दुसऱ्या दिवशी अकरा वाजले की पुन्हा वाटायचं, जळो ही नोकरी.

त्यात ती मुलगी. खाडीकडच्या आगरी वस्तीतली, जेमतेम चार वर्षांची. आई मिठागरावर जायची, म्हणून आजी आणून सोडायची. ही एका जागी दोन मिनिटं टिकेल तर शपथ. मण्यांचा डबा उपडा करायची, गोष्ट ऐन रंगात आली की ‘बाय, शेली बग!’ असं ओरडून दारातून शेळीमागे पळायची, आणि तिच्यामागे अर्धा वर्ग. एकदा मोठ्या बाई दारात उभ्या असतानाच हे झालं. त्या नुसतं माझ्याकडे पाहून गेल्या. ते पाहणं मला दिवसभर सलत राहिलं.

त्याच दुपारी आजी न्यायला आली तेव्हा मी तिच्यावर तोंड सोडलं. ‘पोरगी गप्प बसणार नसेल तर उद्यापासून आणू नका!’ म्हातारीने नातीचं बखोट धरलं आणि निघून गेली.

दोन दिवसांनी मुलगी आली ती गाय होऊन. बसवलं तिथे बसली. तिची फूस नाही म्हटल्यावर वर्गही निवला. मी फुगले. मावशीला सांगितलं, वडिलांना पत्र लिहिलं, की माझा धाक बसला बरं का. मोठ्या बाई म्हणाल्या, ‘तुमच्या हाताला गुण आहे. पुढच्या आठवड्यात आपल्या मंडळाचे सभासद शाळा पाहायला येतील, तेव्हा हिला पुढे बसवा.’

आणि तरीही मला चैन पडेना. रात्री कूस बदलत राहायची. कारण मी पाहिलं होतं. तिच्या मुठीतला मणी तासाभराने मुठीतच असायचा. भिजवलेले चणे वाटले की आधी सगळ्यांच्या पुढे हात करणारी ती, आता वाटी तशीच ठेवायची. शेळी दारात येऊन ओरडली तरी मान वळवायची नाही. मला दिसत होतं, आणि मी त्याला शिस्त म्हणत होते. आज लिहितानाही याची लाज वाटते.

एका सकाळी ती चटईवरच आडवी झाली. ओठावर माशी बसली होती, ती हाकलायलाही हात उठेना. मी हाका मारल्या, हलवलं. आमच्याकडे झाडलोट करणारी वयस्क आया होती, ती येऊन वाकली आणि तिने पोरीची पापणी उचलून पाहिली.

‘बाई, हिला बाळगोळी दिलीय. अफूची.’ मग माझ्याकडे न बघता म्हणाली, ‘मीपण दिलेली माझ्या धाकट्याला. गिरणीत जायचे ना तेव्हा. दिवसभर उठायचा नाही.’

मी पोरीला खांद्यावर टाकलं आणि वर्ग आयावर सोडून तडक निघाले. खाडीकडे उतरेपर्यंत माझा संताप डोक्यात गेला होता. अडाणी माणसं, पोराच्या जिवावर उठलेली, असं काय काय मनात जुळवत होते. आजी अंगणात होती, पायाने तान्ह्याच्या पाळण्याची दोरी ओढत सुकट निवडत होती. मनात जुळवलेलं सगळं मी तिला ऐकवलं.

तिने ते ऐकून घेतलं. नातीला माझ्या खांद्यावरून उतरवून मांडीवर घेतलं आणि म्हणाली, ‘बाय, तूच सांगलंस ना, गप बसली नाय त आनू नको म्हून? आता गप बसते, त बोंबलतंस कनाला? पोरीला शालंतशी कारली असतीस, मंग ती शिकली असती कशी?’

तान्ह्यासाठी आणलेल्या डबीतली अर्धी गोळी ती रोज सकाळी हिला देत होती, शाळा सुटू नये म्हणून. त्या घरातलं कुणी आजवर शाळेत गेलेलं नव्हतं.

‘नका देऊ आजी,’ मी म्हटलं. ‘करू दे दंगा. मी नाही काढणार तिला.’ असं वचन द्यायचा मला काही अधिकार नव्हता, तरी दिलं.

मोठ्या बाईंना सगळं सांगितलं. त्यांचा चेहरा उतरला. म्हणाल्या, ‘मग सभासद येतील त्या दिवशी तिला घरीच ठेवायला सांगा.’ मी हो म्हटलं, पण आजीला तसं सांगायला माझी जीभ उचलली नाही.

सभासद आले. काळ्या टोप्या, धुवट उपरणी. मुलं रांगेत होती. गाणं सुरू झालं आणि दुसऱ्याच ओळीला ती उठली, सर्वांत वयस्कर गृहस्थांच्या हातातली काठी ओढून घेतली, तिचा घोडा केला आणि खोलीभर सुटली. तिच्यामागे सगळा वर्ग. मोठ्या बाईंनी डोळे मिटून घेतले. माझी नोकरी कायम झाली, पण आणखी तीन महिने परीक्षेवर ठेवल्यानंतर.

त्या दिवशी पोर पूर्ण शुद्धीवर होती, खिदळत होती, गाल लाल झाले होते. तिला तशी पाहून मी आनंदाने रडायला हवं होतं. पण त्या क्षणी, काठीचा घोडा माझ्या अंगावरून जात असताना, माझ्या मनात आलं ते एवढंच: आजच्या दिवस ती गोळी दिली असती तर.