तराजूकाकांचे दोन साक्षीदार

सर्व संबंधितांस या जाहीर निवेदनाद्वारे कळवण्यात येते की, लेस्टर येथील तराजूकाकांच्या शेडमध्ये मोबाइल फोन नेण्यास असलेली बंदी तत्काळ उठवण्यात येत आहे. दारातल्या चकलीच्या डब्यात फोन जमा करण्याची सक्ती यापुढे राहणार नाही. फोन खिशात घालून खुशाल आत जावे. हवे तर आत बसून गाणी वाजवावीत. हरकत घेणारे गृहस्थ मागच्या थंडीत गेले.

मी शाळेत नाटक शिकवतो, त्यामुळे असली निवेदनं गंभीर चेहऱ्यानं खणखणीत वाचून दाखवणं हा माझा पोटापाण्याचाच उद्योग. हे एक मात्र अजून मोठ्यानं वाचता आलेलं नाही.

काका भूलतज्ज्ञ होते. सगळी नोकरी लोकांना मोजूनमापून झोपवण्यात गेली. निवृत्तीनंतर त्यांनी लोकांना दचकवून उठवणारा छंद जवळ केला, रायफल नेमबाजी. शिकारीचं नाव काढलेलं त्यांना खपायचं नाही. घरात शिरलेला कोळीसुद्धा पेल्यात धरून बागेत सोडायचे. त्यांचं वैर फक्त कागदावरच्या काळ्या गोलाशी. त्यात काडतुसंही स्वतःच भरायची. झाडलेल्या पितळी पुंगळ्या घासूनपुसून घ्यायच्या, त्यात नवी दारू तोलून घालायची, वर नवी गोळी बसवायची. या तोलण्यापायीच आमच्या मराठी मंडळानं त्यांचं नाव तराजूकाका ठेवलं होतं. "आमच्या घरात कुणी पीत नाही," काकू पाहुण्यांना सांगायच्या, "पण दारू आहे हो, मागच्या शेडमध्ये. तीही हे औषधासारखी मोजतात."

शेडमधल्या टेबलावर दोन काटे होते. एक जुना, दांडीचा, इंग्लंडात आल्यावर काकांनी कुणा म्हाताऱ्या नेमबाजाकडून घेतलेला. दुसरा इलेक्ट्रॉनिक, क्लबच्या मित्रांनी भेट दिलेला. बटण दाबलं की निळा उजेड, आणि दारूचा एक कण वाढला तरी आकडा बदलणार. काका दोन्ही वापरायचे आणि दोघांवरही संशय घ्यायचे. काम सुरू करण्याआधी एक इवलंसं पितळी वजन चिमट्यानं उचलून आधी या काट्यावर ठेवायचं, मग त्या काट्यावर. दोघांचं जमलं तरच दारूची बाटली उघडायची. मी कंटाळून म्हणायचो, "काका, कालच तर तपासलंत." त्यावर ठरलेलं उत्तर यायचं, "अरे नाटक्या, एका साक्षीदारावर फाशी देत नाहीत. यंत्र लबाड नसतं, पण ते थकतं. आणि थकलो असं सांगत नाही. तसल्याच्या भरवशावर दारू जास्त पडली, तर रायफल गालाशी फुटेल."

मोबाइलबंदीचं मूळ इथेच. फोन जवळ असला की इलेक्ट्रॉनिक काटा बावचळतो, अशी त्यांची ठाम समजूत होती. खरं असेलही. मी मात्र मुद्दाम डब्यात फोन ठेवून बायकोला सांगून ठेवायचो, की बरोबर अकराला रिंग दे. चकलीचा डबा थरथरत गायला लागला की काका डोळे मिटून म्हणायचे, "बघ! डब्यातूनसुद्धा छळतोय."

काकूंचा पक्ष नेमका उलटा. त्यांच्या ओट्यावर डिजिटल काटा, भाताला वेळ लावणारं यंत्र, मनगटावर पावलं मोजणारं घड्याळ. काका मात्र रक्तदाबसुद्धा दोन यंत्रांवर घ्यायचे. गाडीत रस्ता सांगणारा सॅटनॅव्ह बोलत असताना मांडीवर नकाशाचं पुस्तक उघडं, आणि सॅटनॅव्हच्या बाईला मराठीतून हरकती. "ह्यांचा स्वभावच तो," काकू म्हणायच्या. "लग्नाआधी माझी पत्रिका दोन ज्योतिष्यांकडून तपासून घेतली होती! मी म्हणते, माणूस खोटं बोलेल एकवेळ. यंत्राला काय पडलंय खोटं बोलायला?" हे वाक्य त्यांनी शेडच्या दाराशी चहाचा ट्रे धरून इतक्या वेळा म्हटलंय, की मला त्याला चहाचा वास येतो.

क्लबमध्ये इलेक्ट्रॉनिक लक्ष्यं आली तेव्हा आम्ही सगळे लहान मुलांसारखे खूश झालो. गोळी झाडली की शेजारच्या पडद्यावर ठिपका हजर. दुर्बिणीत डोळा घालून भोक शोधत बसणं संपलं. काकांनी पडद्यावर टॉवेल टाकला. गोळी सुटली की ती कुठे गेली असेल ते आधी तोंडानं सांगायचं आणि मगच टॉवेल उचलायचा. मलाही त्यांनी तीच शिस्त लावली. "आधी बोल, मग बघ. आधी बघितलंस तर तुझं मन लगेच पडद्याची री ओढतं, म्हणतं मला तसंच वाटलं होतं."

एकदा त्यांनी लक्ष्यावर लावलेल्या नव्या कागदावर पहिलीच गोळी झाडली आणि म्हणाले, "खाली. डावीकडे." टॉवेल उचलला तर ठिपका बरोब्बर मध्यभागी. आम्ही टाळ्या वाजवल्या. काका जागचे हलले नाहीत. "ही माझी नव्हे." पंचानं समजावलं, मी समजावलं. काका आपले एकच म्हणत राहिले, "सुटताना बोटाला कळतं ना!" शेवटी माणूस पाठवून लक्ष्याचा कागद आणवला. त्यात दोन भोकं होती. एक मध्यभागी, एक खाली डावीकडे. शेजारच्या थोराड गोऱ्या गृहस्थानं चुकून काकांच्या लक्ष्यावर गोळी मारली होती. आमच्या खेळातली ही सगळ्यात लाजिरवाणी चूक. दोन्ही गोळ्या जवळपास एकाच क्षणी लागल्या आणि पडद्यानं एकच दाखवली. तो गृहस्थ लालबुंद होऊन माफी मागायला आला, तर काकांनी त्याला फ्लास्कमधला आल्याचा चहा पाजला आणि म्हणाले, "नेम मात्र सुंदर होता तुमचा." त्या दिवशी गाडीत ते सबंध रस्ता गुणगुणत होते.

पुढच्या वर्षी वसंतात हे सगळं फिरलं. काका म्हणायचे "उजवीकडे, काठाला," आणि टॉवेलखाली ठिपका भलतीकडेच. पहिल्यांदा त्यांनी पडद्याला दोष दिला, मग वाऱ्याला. मग कागद मागवला. कागद पडद्याच्या बाजूनं बोलला. काकांनी कागदाची घडी करून खिशात घातली. परतीच्या वाटेवर सॅटनॅव्हच्या बाईनं दोनदा चुकीचं वळण सांगितलं, तरी ते तिच्याशी भांडले नाहीत.

त्यानंतरच्या शनिवारी शेडमध्ये इलेक्ट्रॉनिक काट्याचा आकडा ठरेना. पुढे जाई, मागे येई, क्षणभर थांबे आणि पुन्हा नाचू लागे. काकांनी माझे खिसे तपासले. चकलीचा डबा बागेच्या टोकाला नेऊन ठेवला. बॅटरी बदलली. शेजाऱ्याच्या बॉयलरला नावं ठेवली. दांडीचा काटाही झुलत होता, म्हणून "वारा येतोय" म्हणत ते उठले आणि काकूंची जुनी साडी घेऊन दाराच्या फटीत कोंबू लागले.

"काका, थांबला!" मी ओरडलो. आकडा शून्यावर गप्प बसला होता. दांडी सरळ होती.

"बघ, वाराच होता," असं म्हणून ते विजयी मुद्रेनं खुर्चीत बसले, नेहमीसारखं उजवं कोपर टेबलावर टेकवलं आणि आकडा नाचू लागला.

त्यांनी कोपर उचललं. आकडा थांबला. टेकवलं. नाचला. मग मान वळवून दांडीकडे बघितलं. तीही डुलत होती. इतक्या बारीक हालचालीनं, की हाताकडे बघून कुणाला कळलंही नसतं. पण त्यांना कळलं. जन्मभर दुसऱ्यांच्या नाडीवर बोट ठेवून बसलेला माणूस तो.

"दोघांची साक्ष झाली रे," ते म्हणाले. मग पितळी वजन मखमलीच्या डबीत ठेवलं आणि दारूची बाटली न उघडताच कपाटात बंद केली. "मालूला, तुझ्या काकूला, मी सांगेन. तू मध्ये नाटक करू नकोस."

पुढे डॉक्टरांनी जे नाव सांगायचं ते सांगितलं. कंपवात. काकूंना मात्र काकांनी एवढंच सांगितलं, की आता वय झालं, छंद बंद. काकू खूश. शेडमध्ये फ्रीझर येणार, कुंड्या येणार, अशी स्वप्नं त्या मंडळात सांगत सुटल्या. मी खोटं हसून ऐकायचो. नाटक शिकवतो, पण त्या दिवसांत माझा अभिनय फार वाईट होत होता.

काकांनी पोलिसांच्या परवाना खात्याला स्वतःच फोन केला. रायफल न्यायला एक बाई आल्या, शांत, आदबशीर. कागदांवर सह्या झाल्या, चहा झाला. निघण्याआधी त्यांनी मऊ आवाजात विचारलं, "डॉक्टर, तुमच्याबद्दल कुणाची काही तक्रार नाही. इतक्या वर्षांचा चोख परवाना. नक्की ना?"

काकांनी माझ्याकडे बघितलं, मग काकूंकडे. मला वाटतं, इतके दिवस जे त्यांना जमत नव्हतं ते याच क्षणी करायचं असं त्यांनी ठरवलं. "या," ते म्हणाले, आणि आम्हा सगळ्यांना शेडमध्ये घेऊन गेले. दारात पोलीस बाईंनीसुद्धा विनातक्रार आपला फोन चकलीच्या डब्यात टाकला.

काकांनी इलेक्ट्रॉनिक काटा लावला. निळा उजेड पडला, शून्य आलं. "मालू, पुढे ये. आधी बोल, मग बघ. मी इथे कोपर टेकवलं तर काय होईल?"

"काय व्हायचंय? शून्यच राहील." काकू हसत पोलीस बाईंकडे वळल्या आणि इंग्रजीत म्हणाल्या, "माझ्या नवऱ्याचा यंत्रांवर विश्वास नाही. माझा आहे."

"आता बघ," काका म्हणाले आणि त्यांनी कोपर टेकवलं.

आकडा नाचू लागला. काकूंनी आकडा बघितला, शेजारची डुलणारी दांडी बघितली, आणि मग आयुष्यात प्रथमच बघावा तसा काकांचा हात बघितला. काकांनी तो उचलला नाही. पोलीस बाई जमिनीकडे बघत राहिल्या. काकूंचा चेहरा आधी पांढरा पडला, मग रागानं तांबडा झाला, आणि त्या निळ्या उजेडावर पदर टाकून त्या ओरडल्या:

"अहो, काढा ते कोपर! मेलं यंत्रच खोटं बोलतंय!"