सुधाकरचे कॅलिपर आणि माझा हात

"सर, ह्यांनी पहाटं डोळे मिटले." नंदाबाईंचा, सुधाकरच्या पत्नीचा, फोन एवढाच होता. त्याला सव्वा महिना झाला. तेवढ्या अवधीत तुळजापुरात त्याच्याविषयी जे बोलले गेले, त्यातील बरेचसे असत्य आहे, आणि ते खोडून काढण्याचा अधिकार माझ्याइतका कोणालाही नाही.

शोकसभेत एकाने त्याला हौशी मेकॅनिक म्हटले. माकणीहून आलेला हा माझा विद्यार्थी विहिरींतल्या पाणबुडी मोटारींचे जळलेले वाइंडिंग पुन्हा भरून पोट भरत होता, हे खरे. परंतु हौस म्हणून कोणी सात वर्षे एका गुडघ्यामागे लागत नाही. पोलिओने माझा उजवा पाय लहानपणीच अधू केला. पायाला आधार म्हणून बांधायचे लोखंडी कॅलिपर मी तरुणपणी फेकून दिले आणि गुडघा मुडपू नये म्हणून साठ वर्षे मांडीवर हात दाबून चाललो. सुधाकरने माझ्यासाठी नवे कॅलिपर घडवून त्याच्या सांध्याला जीपच्या वायपरची मोटार जोडली. मांडीच्या पट्ट्याखाली एक चकती होती. स्नायू किंचित फुगला की तिच्यावर दाब येई, मोटार गुडघा वाकवी आणि पाऊल पुढे पडे.

दुसरा वक्ता म्हणाला, यंत्राने सरांना आपटले आणि सुधाकर कायमचा खचला. तेथे मी उठायला हवे होते... उठलो नाही.

घडले ते असे. अपंगांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेचे तिघे, मी हेडमास्तर होतो त्या शाळेत चाचणी पाहायला आले होते. कॅलिपर पसंत पडले असते, तर ते अनेकांच्या पायांपर्यंत पोहोचले असते. सुधाकरने मला तीनदा बजावले, "सर, हात मोकळा सोडा. मांडीवर ठिवायचा न्हाय." चालायला तू मला शिकवणार काय, असे मी त्याला सुनावले. काही पावले उत्तम पडली. पाहुण्यांपैकी कोणी 'वा' म्हणाले, मी ऐटीत मान वर केली, आणि हात आपोआप मांडीवर गेला. चकतीला तो दाब स्नायूचाच वाटला. अंगाचा सगळा भार त्या पायावर असताना गुडघा वाकला... काय झाले, असे पाहुण्यांनी विचारले. जमिनीवरूनच मी उत्तर दिले, "मोटारीने दगा दिला."

सुधाकरने माझा हात पाहिला होता. तरी त्याने फक्त वाकून माझे पट्टे सोडवले. पाहुणे चहा न घेता गेले. म्हणजे आज ज्यांना मी खोटे ठरवतो आहे, त्यांच्या तोंडी ते खोटे मीच घातले.

आठवड्याने मी कबुलीचे शब्द जुळवत त्याच्या दुकानात गेलो. मान वर न करता तो म्हणाला, "पडलात बी हेडमास्तरावानी, एकदम सरळ." मग थांबून, "साठ वर्षं तो हातच तुमचा पाय व्हता, सर. मी त्याला मापात धरलं न्हाय. चूक माझी हाय." आणि मी, निर्लज्जपणे, ती चूक त्याच्याकडेच राहू दिली.

तो खचला नाही. सभेनंतर नंदाबाईंनी त्याचे शेवटचे कॅलिपर माझ्या घरी आणून दिले. चकती आता टाचेखाली आहे. टाच उचलल्याखेरीज मोटार हलत नाही. मांडीच्या पट्ट्यावर माझ्या तळहाताच्या मापाची चामड्याची गादी शिवलेली आहे. "सर, सभेत तुमी का न्हाय बोललात?" असे त्यांनी विचारले. त्याचे उत्तर मी येथे दिले आहे. पडण्याचे खरे कारण लिहून त्या संस्थेलाही मी पत्र धाडले आहे. त्यांनी पुन्हा यावे.

रोज सकाळी अंगणात, कोणी पाहत नसताना, मी त्या गादीवर सगळ्या जोरानिशी हात दाबतो... गुडघा हलत नाही.