भागरताबाईची खेप

रविवारची सकाळ होती. मी अंगणात तांदूळ निवडत बसले होते. भागरताबाईचा पुतण्या माधव सायकलवरून खाली उतरला नाही, कुंपणाच्या खांबाला हात टेकवून तसाच म्हणाला, “बाई, काकी गेली.” भागरताबाई बरेच दिवस अंथरुणावर होती, तेव्हा बातमी अनपेक्षित नव्हती. तरी माझ्या तोंडून पहिला प्रश्न निघाला तो ‘केव्हा’ असा नाही, ‘कुठं’ असा. “सुमनकडं. त्या काठाले,” तो म्हणाला. जिनं उभा जन्म वैनगंगेच्या या काठावरची माणसं त्या काठाला नेली आणि परत आणली, ती स्वतः मात्र लेकीच्या घरी, पलीकडंच राहिली होती…

पूल होण्याआधी आमच्या गावाला पलीकडं जायचं तर भागरताबाईचा डोंगा, ती लांबट लाकडी होडी, हाच रस्ता होता. नवरा गेल्यावर तिनं डोंगा रेटायचा बांबू हाती घेतला तेव्हा गावातले मासेमारी करणारे ढिवर हसले होते म्हणे. पुढं त्यांच्याच लेकीसुना तिच्या डोंग्यातून सासर-माहेर करू लागल्या. मी पलीकडच्या गावातल्या शाळेत शिकवायला लागले तेव्हापासून सकाळी तिच्याबरोबर जायची आणि संध्याकाळी तिच्याबरोबरच परत यायची. डोंग्यात पुस्तक उघडलं की ती म्हणे, “वाच, वाच. पान पाण्यात पडलं तं मासोया शिकतीन.” बोलण्यात अशी मोकळी, पण एका शब्दाच्या बाबतीत ती फार कडक होती. तो शब्द म्हणजे खेप.

तसा हा शब्द कोणाच्याही तोंडचा. नदीवरून पाणी आणणाऱ्या बायका म्हणत, दोन खेपा झाल्या, एक राहिली. बांबूच्या ट्रकची खेप डेपोत माल उतरला की संपे; रिकामा ट्रक परत येताना त्याला कोणी खेप म्हणत नसे. खेप म्हणजे नेऊन पोचवलेलं ओझं, एवढाच अर्थ मलाही ठाऊक होता. एकदा पलीकडं उतरताना मी सहज म्हटलं, “चला, झाली एक खेप.” ती बांबू रोवून उभीच राहिली. “झाली कुठी? तुले संध्याकाळी घरच्या काठाले लावीन तवा होईल. नेलं ते आणाव लागते, बाई. नुसतं नेते तो पूर.”

मग सासरी जाणाऱ्या मुलींचं काय, असं मी विचारलं. त्याचीही रीत होती, तिच्या सासूनं घालून दिलेली. पलीकडं पाय टेकवण्याआधी नवरीनं पदरातल्या चिमूटभर अक्षता डोंग्यात टाकायच्या. जी परत यायची नाही तिचं एवढं तरी परत आणायचं, म्हणजे खेप पुरी होते. गाव सोडून जाणारा प्रत्येक जण असं काहीबाही टाकून जाई. बदली झालेल्या आमच्या एका गुरुजींना काहीच सापडेना, तेव्हा त्यांनी खिशातला खडूचा तुकडा टाकला. भागरताबाईनं तो उचलून पाहिला आणि ती म्हणाली, “गुरुजीची आठवण म्हून पोट्टे आता डोंग्यावर अ आ इ काढतीन.”

माझ्या मायनं मात्र काहीच टाकलं नाही. ती परत येणार होती. त्या पावसाळ्यात तिला कावीळ झाली, आणि नदी चढत असताना भागरताबाईनं आम्हा दोघींना पलीकडं नेलं. माय पुढच्या टोकाशी घोंगडी पांघरून बसली होती. उतरताना तिनं मागं वळून भागरताबाईला सांगितलं, “हाक देईन वो. आयकजो.” सरकारी दवाखान्यात ती फार दिवस टिकली नाही. तोवर नदी दोन्ही काठ सोडून वाहू लागली होती. डोंगा लागणं शक्यच नव्हतं. दूरच्या पुलावरून मोठा वळसा घालून जीपनं तिला गावी आणलं, आणि इथल्याच काठावर तिला निरोप दिला.

पूर ओसरला आणि मी पुन्हा शाळेत जाऊ लागले. एके दिवशी संध्याकाळी मला अलीकडं उतरवल्यावर भागरताबाई घरी जायला निघाली नाही. तिनं रिकामा डोंगा पुन्हा पाण्यात लोटला, पलीकडं नेऊन काठाला लावला, जराशी थांबली आणि परत आली. दुसऱ्या दिवशीही तेच. मी विचारलं, “कोणी बोलावलं का?” ती पाण्याकडं पाहत म्हणाली, “तुह्या मायनं हाक देल्ली.”

आमच्या घरातला देव्हारा माझ्या जन्माआधीच गेला. भुताखेतांवर विश्वास ठेवायचा नाही हे आम्ही अक्षरांच्या आधी शिकलो. मला राग आला, आणि रागाखाली काहीतरी थंडगार हललं. मी म्हणाले, “माय इथंच जळली, भागरताबाई. तू होतीस तिथं.”

“तुह्या लेखी आली ना ते, जीपनं. माह्या डोंग्यात नाई आली.”

“म्हणजे भूत झाली म्हणतेस?”

“भूत काऊन म्हणू? खेप अपुरी हाय म्हणतो मी.”

पुढं पूल झाला. मी बसनं शाळेत जाऊ लागले, आणि तिचा डोंगा काठावरच्या करंजाखाली पालथा पडला. आता पलीकडून कोणी हाक द्यायचं कारणच उरलं नाही. तरी संध्याकाळी ती त्या पालथ्या डोंग्यावर जाऊन बसे, मान एका बाजूला कलती करून. बसमधून उतरून मीही कधीकधी तिच्याशेजारी जाऊन बसत असे. पलीकडं फक्त वाळू दिसायची आणि त्यामागं काळी पडत जाणारी झाडं. मला कधी काही ऐकू आलं नाही. पण ती दचकून वर पाही तेव्हा मी श्वास रोखून धरत असे…

सुमन तिला न्यायला आली त्या दिवशी मी बसपर्यंत सोबत गेले. पायरीवर चढताना भागरताबाईचा हात पदराच्या गाठीकडं गेला. त्या गाठीत तांदूळ होते हे मला माहीत होतं. मी नकळत ओंजळ पुढं केली. तिनं माझ्या ओंजळीकडं पाहिलं आणि हात मागं घेतला. “काऊन टाकू? येतो ना मी. तुह्या मायले आणाचं हाय अजून.”

दहाव्याला मी बसनं गेले. सगळं आटोपल्यावर सुमननं मला एक गाठ मारलेला पदराचा तुकडा दिला. “मायनं शेवटपर्यंत सोडू नाई देल्ला,” एवढंच ती म्हणाली. मी तो घेतला आणि बसथांब्याकडं न जाता नदीकडं वळले. माधव आपल्या मासेमारीच्या डोंग्यातून आला होता. त्यानं मला पाहिलं आणि काही न विचारता टोकाशी जागा केली. मी गाठ सोडून तांदूळ डोंग्याच्या तळाशी ठेवले. दिवस मावळतीला लागला होता. अर्ध्या पाण्यात आलो तेव्हा माधवनं बांबू थांबवला आणि मागं वळून पाहिलं.

“बाई, कोनी हाक देल्ली काय?”

मला ऐकू आलं असं मी लिहिणार नाही. नाही ऐकू आलं, असंही नाही. मी म्हणाले, “फिरव.”

त्यानं डोंगा फिरवला. काठावर कोणी नव्हतं. आजारी बाईला चढून, घोंगडी सावरून बसायला जेवढा वेळ लागतो तेवढं आम्ही थांबलो. मी टोकाची जागा सोडून मधे सरकले. मग माधवनं बांबू रेटला. मघापेक्षा त्याला जोर जास्त लागत होता; प्रवाह असेल… घरच्या काठाला डोंगा लागल्यावर मी आधी उतरले नाही. थोडं थांबले, आणि मग उतरले.

तांदूळ मी करंजाखालच्या पालथ्या डोंग्यावर ठेवले. सकाळी ते चिमण्यांनी नेले. डोंगा अजून तिथंच आहे. लाकूड फुगून आता भेगाळलं आहे, दुपारी त्यावर शेळ्या चढतात. संध्याकाळी बसमधून उतरले की पाय तिकडं वळतात. मी बसते. आता पलीकडं कान लावत नाही.