सत्काराच्या दिवशी आत्याचं गाणं राहिलं

माझा भाऊ स्टेजवर उभा राहून खोटं बोलला, त्याला आता वर्ष होत आलं. माझा राग अजून गेलेला नाही.

सत्कार आमच्या आत्याचा होता. वडिलांची थोरली बहीण. कवठे महांकाळकडच्या माळावर मेंढरांमागे फिरणाऱ्या घरातली पोर. सोळाव्या वर्षी ती कोल्हापूरला स्टुडिओत कामाला गेली. आधी घोळक्यातली एक, मग नायिकेची मैत्रीण, मग स्वतः नायिका, तीही आपली गाणी आपणच गाणारी. धनगराच्या पोरीचं नाव पोस्टरवर शोभत नाही म्हणून निर्मात्यानं तिचं नाव बदललं. पुढे आलेले दोन दात काढून नवे बसवले. तिशी उलटली आणि ज्या नायकाची ती पडद्यावर प्रेयसी झाली होती, त्याच्याच आईचं काम घेऊन माणूस दारात आला. तिनं त्याला उंबऱ्यावरूनच परतवून लावलं आणि संगीत नाटकांत गेली. पुढची वीस वर्षं गावोगाव गात फिरली.

माझे वडील तिच्या कोल्हापूरच्या खोलीत राहून शिकले. शूटिंगवरून आल्यावर ती त्यांना भाकरी करून घालायची. त्यांना नोकरी लागली, लग्न ठरलं, तेव्हा त्यांनीच तिला निरोप धाडला, "तू येऊ नकोस, मुलीकडचे लोक नावं ठेवतील." माझ्या बारशाला तिनं स्वतः शिवलेली कुंची पाठवली. तीही त्यांनी परत पाठवली.

वडील वारल्यावर आईनं हे सगळं मला सांगितलं. तेव्हा मी पस्तीस वर्षांची होते आणि आत्याचा चेहराही मी पाहिलेला नव्हता. ती राहत कुठे होती? सांगलीतच, कृष्णेच्या घाटाजवळ. विश्रामबागेतल्या आमच्या घरापासून रिक्षानं वीस मिनिटं! मी गेले, तेव्हा तिनं दार उघडून माझ्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाली, "नाक आमच्या घरचं हाय. ये आत." त्या दिवसापासून मी दर आठवड्याला जाते. दादाला मी हजारदा म्हटलं, चल. त्याला कधी वेळ झाला नाही.

गेल्या वर्षी इथल्या एका मंडळानं तिचा सत्कार ठरवला. तिचं वय ब्याऐंशी. महिनाभर ती रोज सकाळी पेटी घेऊन बसायची. मंडळाच्या माणसांना तिनं बजावून सांगितलं, "शाल नसली तरी चालंल. एक गाणं म्हननार, आन् ते पेटीवर. तुमचं ते डबड्यातलं म्युझिक नगं."

त्या संध्याकाळी हॉल भरला होता. शाल झाली, नारळ झाला. आणि मग निवेदकानं कुटुंबाच्या वतीनं बोलायला दादाला बोलावलं. मंडळाचे अध्यक्ष त्याचे मित्र. तो माईकपाशी आला आणि म्हणाला, "आत्याच्या कलेला आमच्या घरानं कायम पाठबळ दिलं. बाबा नेहमी म्हणायचे, ताईमुळे आमच्या घराला शोभा आहे." लोकांनी टाळ्या वाजवल्या. आत्या मान खाली घालून पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती.

मी उठून उभी राहिले. "दादा, खोटं बोलू नकोस. बाबांनी तिला लग्नातही येऊ दिलं नव्हतं. तू तिच्या घरची पायरी एकदा तरी चढलास का?"

"खाली बस," तो दातओठ खात म्हणाला. "आधी उत्तर दे!" मी ओरडले. पुढच्या रांगेतला एक जण म्हणाला, "बाई, घरचं भांडण घरी करा." मी त्यालाही सोडलं नाही. कुणी हसलं, कुणी मोबाईल वर धरले. अध्यक्षांनी घाईघाईनं निवेदकाच्या कानात काही सांगितलं आणि एकदम राष्ट्रगीत सुरू झालं. सगळे उभे राहिले. मीही गप्प उभी राहिले. राष्ट्रगीत संपलं आणि लोक खुर्च्या सरकवत बाहेर पडू लागले. पेटीवाला भाता मिटत होता, तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं, आत्याचं गाणं राहिलं.

रिक्षानं आम्ही तिच्या घरी आलो. आत शिरताच आत्या कडाडली, "तुला कुनी सांगितलं व्हतं मधी बोलायला?"

"आत्या, तो धडधडीत खोटं बोलत होता."

"बोलू दे की! खरं काय ते मला पन्नास वर्सं ठावं हाय. मला गायचं व्हतं गं. मानसं बसल्याली व्हती समोर. लय दिसांनी बसली व्हती."

मी तिचा हात धरला. चुकले म्हणाले, तर तिनं हात झटकला.

दादानं दुसऱ्या दिवशी मेसेज पाठवला, अध्यक्षांची माफी माग. मी मागितली नाही, मागणारही नाही. पण आत्यासाठी मंडळाच्या ऑफिसात दोनदा गेले. म्हटलं, एक दुपार द्या, दहा माणसं आली तरी चालेल. तिथला माणूस कागदावरून मान वर न करता म्हणाला, "पुढच्या वर्षी बघू."

आत्याच्या घरी जाऊन मी हे सांगितलं. ती भाजी निवडत होती. "ब्याऐंशी वर्सांच्या बाईला पुढच्या वर्सी म्हंत्यात," ती म्हणाली. "त्यास्नी फोन लावून दे. मीच बोलती."

मी नंबर लावून फोन तिच्या हातात दिला. पलीकडे कुणी उचलला नाही. तिनं परत लावायला सांगितला.