विमानांची तिकिटं आणि न लागणारा फोन

परीक्षक माझ्या दुसऱ्या चौकटीपाशी आले तेव्हा हॉलच्या दाराशी उभं राहून कोणीतरी मोबाईलवर बातमी ऐकत होतं. तिच्यातले ‘प्रशिक्षणाचं विमान’ हे दोन शब्द मला आतपर्यंत ऐकू आले. पुढचं काही कळलं नाही.

वाशिमला टपाल तिकिटांचं जिल्हा प्रदर्शन होतं. मी वाशिमजवळच्या मालेगावच्या एका शाळेत भूगोल शिकवते आणि लहानपणापासून विमानांची तिकिटं जमवते. माहेर आसेगावचं. काका हवाई दलात मेकॅनिक होते. घरी पत्र पाठवताना ते मुद्दाम विमानाचं तिकीट शोधून लावायचे आणि पाकिटावर कोपऱ्यात लिहायचे, ‘तिकीट पोरीले देजा.’ काका गेले, पत्रं थांबली, माझा नाद मात्र सुटला नाही. विमानाने पहिली डाक अलाहाबादहून यमुनेपलीकडे नैनीला गेली, त्या घटनेला पन्नास वर्षं झाली तेव्हाची तिकिटं माझ्याकडे आहेत आणि शंभर वर्षं झाली तेव्हाचीही. हवाई दलाच्या सुवर्णमहोत्सवाचं तिकीट आहे. त्यावर जुनं दोन मजली पंखांचं विमान आणि नवं लढाऊ विमान शेजारी शेजारी उडतात. हे सगळं पानांवर क्रमाने लावून, खाली दोन-दोन ओळी लिहून, काचेच्या चौकटींत बसवून मी पहिल्यांदाच लोकांसमोर मांडलं होतं.

माझ्या मुलीला या तिकिटांचं कधीच कौतुक नव्हतं. चिमट्याने तिकीट उचलून भिंगाखाली धरलं की ती म्हणायची, “कागदावरचं इमान काय पाह्यते आई, दिवसभर?” बारावी झाल्यावर तिनेच सांगितलं की तिला वैमानिक व्हायचंय. आता ती विदर्भातच, तीन-चार तासांच्या वाटेवर एका प्रशिक्षण केंद्रात शिकत होती. त्या दिवशी सकाळी प्रदर्शनाला निघताना तिचा फोन आला होता. आज एकटीने लांबचं उड्डाण आहे, एवढं सांगून ती म्हणाली, “उतरली की मॅसेज करतो.”

मेसेज आला नव्हता.

मी फोन काढला. शाळेतल्या शिक्षिकांच्या ग्रुपवर कोणीतरी एक व्हिडिओ टाकला होता. शेतात नाक खुपसून पडलेलं लहान पांढरं विमान, एक पंख वाकडा, भोवती पळत येणारी माणसं. खाली लिहिलं होतं, ‘शिकाऊ विमान कोसळलं, विमानात एक तरुणी.’ जिल्हा तोच. विमानाच्या शेपटीवरचा क्रमांक वाचण्यासाठी मी चित्र दोन बोटांनी मोठं केलं, पण ज्याने व्हिडिओ काढला त्याचा हात इतका हलत होता की अक्षरं पुसट पुसट होत होती.

मुलीचा फोन लावला. संपर्क क्षेत्राच्या बाहेर. केंद्राचा नंबर लावला. व्यस्त. पुन्हा लावला. व्यस्त.

“मॅडम, ही चौकट जरा समजावून सांगता का?” परीक्षक म्हणाले.

ते नागपूरहून आलेले वयस्कर गृहस्थ होते. हातात पेन, गळ्यात दोरीला अडकवलेला चष्मा. त्यांना काही ठाऊक नव्हतं. मी बोलायला लागले. आपला आवाज नीट कसा निघतोय याचंच मला नवल वाटत होतं. फुग्यांपासून सुरुवात केली. मग पहिली डाक, मग प्रवासी विमानं, मग जेट. बोलताना एक हात साडीच्या पदराखाली होता आणि त्या हाताने मी एकच नंबर पुन्हा पुन्हा लावत होते.

पुढच्या चौकटीवर ते बराच वेळ थांबले. मग म्हणाले, “मांडणी चांगली आहे. पण एवढा विमानांचा इतिहास सांगितलात, आणि त्यात अपघात कुठेच नाही?”

पदराखाली मी तो नंबर पुन्हा लावला.

“अपघातातून वाचलेली पाकिटं असतात,” ते म्हणाले. “जमवणारे जीव टाकतात त्यांच्यावर. तुमच्याकडे एकही नाही?”

“एक आहे. घरी.”

होतं. विमान कोसळून आग विझवल्यावर ढिगाऱ्यातून टपालाच्या पिशव्या काढल्या गेल्या आणि त्यातलं ते पाकीट पत्त्यावर पोचतं झालं होतं. एका कडेला जळलेलं. पाण्याने तिकीट निघून गेलेलं, नुसती त्याची चौकोनी खूण राहिलेली. वर टपाल खात्याचा जांभळा शिक्का, विमान अपघातातून वाचवलेलं, असा. मुलगी शिकायला गेली त्याच आठवड्यात मी ते वेगळं काढून कपाटात वरच्या फळीवर ठेवलं होतं.

“मग लावलं का नाही?”

“माझी मुलगी विमान चालवायला शिकते,” मी म्हणाले. आणि मग जे बोलायचं नव्हतं तेही तोंडातून गेलं. “आज एक विमान पडलंय. ती कुठे आहे, मला अजून कळलेलं नाही.”

त्यांनी चष्मा काढला. पेन खिशात ठेवलं. “बसा तुम्ही,” ते म्हणाले. “हे नंतर बघू.”

“नको. तुम्ही विचारा. बसले तर मला काही सुधरणार नाही.”

त्यांनी खरंच विचारलं. कागद कोणता, छपाई कोणती, हा शिक्का कुठला. मी उत्तरं देत राहिले. त्यातली किती बरोबर होती, देवाला ठाऊक. मधेच संयोजकांपैकी एक बाई पाण्याचा ग्लास घेऊन आल्या आणि माझ्या दंडाला धरून तिथेच उभ्या राहिल्या. म्हणजे हॉलभर कळलं होतं.

नवऱ्याला फोन केला तेव्हा ते शेतात हरभरा काढायला लावून उभे होते. मळणीयंत्राच्या आवाजात त्यांना काही ऐकू जाईना. मी ओरडले, “पोरीचा फोन लागत नाही. इमान पडलं म्हणतात.” यंत्राचा आवाज बंद झाला. मग ते एवढंच म्हणाले, “येतो.”

मालेगावहून वाशिमचा रस्ता मोटारसायकलवर काही लांब नाही, पण मला तो त्या दिवशी संपेचना. एकदा वाटलं, यांनाही रस्त्यात काही होऊ नये. ते आले तेव्हा शर्टावर, भुवयांवर हरभऱ्याचा भुसा होता. दारातच विचारलं, “लागला का फोन?”

“नाही.”

“तिकडचा नंबर?”

“लागतच नाही.”

“मंग तू इथं काय करून राह्यली?”

“कुठं जाऊ?” मी म्हणाले. “तुमीच सांगा, कुठं जाऊ?”

त्यांनी केंद्रावर जायला एका ओळखीच्याकडे फोनवर गाडी मागितली. ती यायला वेळ होता. तोवर करायला काहीच नव्हतं. ते माझ्या चौकटींसमोर जाऊन उभे राहिले. इतक्या वर्षांत त्यांनी माझी तिकिटं कधी नीट पाहिली नव्हती. पाहायला कधी वेळच नव्हता त्यांना, आणि मीही कधी दाखवली नव्हती. त्या दिवशी एकेक पान वाचत गेले, बोट ठेवून, ओठ हलवत.

“याले असे दोन दोन पंख काहून?” त्यांनी विचारलं.

“इंजिनात ताकद कमी होती तवा. दोन पंखांनं जास्त उचलल्या जाये.”

“आन् इंजिन बंद पडलं तर?”

“तर तरंगत खाली येते. लगेच दगडासारखं पडत नाही.”

“आताचंबी?”

“आताचंबी.”

त्यांनी मान हलवली. ते उत्तर त्यांनी पक्कं धरून ठेवलं, हे मला दिसलं. मीही धरून ठेवलं. काकांच्या वेळेपासून वाचत आलेली ही गोष्ट, पण ती खरी आहे की नाही हे मी कधी कोणाला विचारलं नव्हतं.

तेवढ्यात फोन वाजला. अनोळखी नंबर. नवऱ्यानेच बटण दाबून तो माझ्या कानाला लावला.

पुरुषाचा आवाज, आपल्याच बोलीतला, धापा टाकणारा. “ताई, तुमी त्या इमानवाल्या पोरीच्या आई का?”

मी ‘हो’ म्हणाले की नाही, आठवत नाही.

“तुमची पोरगी इथं माह्या वावरात हाय.”

पुढचं वाक्य यायच्या आधी जो क्षण गेला तो मला अजून झोपेतून उठवतो.

“भेऊ नका. चांगली हाय. तिचा फोन फुटला. नंबर आठवे ना तिले, आता आठवला. घ्या, बोला.”

मग तिचा आवाज. “आई.”

“लागलं का तुले?”

“कपाळाला. मनगट मुरगळलं. मी बरी आहो आई. इंजिन बंद पडलं वरतीच. पण मी उतरवलं. पंख मोडला, पण उतरवलं.” आणि मग ती रडायला लागली.

नवऱ्याने फोन घेतला. पोरीशी बोलताना त्यांच्या तोंडून पहिला प्रश्न निघाला तो असा : “कोनाच्या वावरात उतरली? पीक होतं का?”

पलीकडे ती रडता रडता हसल्याचं मलाही ऐकू आलं. “हरभरा होता बाबा. अर्धा कापलेला.”

हे खुर्चीवर बसले आणि तोंडावर रुमाल धरला. परीक्षक जवळच उभे होते. ते दुसरीकडे पाहू लागले.

आम्ही पोचलो तेव्हा दिवस मावळतीला आला होता. विमान अजून तिथेच होतं, भोवती दोरी बांधलेली, एक शिपाई राखणीला. मुलगी शेतकऱ्याच्या अंगणात बाजेवर बसली होती. कपाळाला पट्टी, हात गळ्यात. तिच्या केंद्रातले दोघे जण शेजारी उभे होते. मी तिला धरलं आणि बराच वेळ सोडलंच नाही. तिच्या केसांना मातीचा वास येत होता.

मग तिने सांगितलं. इंजिन आधी अडखळलं, मग थांबलं. खाली रस्ता होता, पण त्याच्या कडेने विजेच्या तारा. ती रस्ता सोडून लांबट वावराकडे वळली. अगदी खाली आल्यावर दिसलं की मधोमध एक बाई हरभरा कापत बसली आहे, पाठ करून. आवाज नाही म्हणून तिला कळलं नाही. मुलीने विमान बाजूला रेटलं, त्यात डावा पंख धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, आदळला आणि विमान फिरून नाकावर गेलं.

ती बाई तिथेच होती, घरधनीण. मुलीचा चांगला हात तिने आपल्या दोन्ही हातांत धरला होता. “मले वाटलं वारा सुटला,” ती मला म्हणाली. “मान वळवली तं हे एवढं पांढरं माह्या बाजूनं गेलं. तुमच्या पोरीनं मले वाचवलं बाई.” आणि असं म्हणून तीच रडायला लागली.

मुलीचे बाबा अंगणात थांबलेच नाहीत. ते वावरात गेले होते. चाकांच्या खुणा जिथून सुरू झाल्या तिथून धुऱ्यापर्यंत चालत गेले, वाकून मोडलेला हरभरा हातात घेतला. परत आल्यावर त्या शेतकऱ्यापुढे उभे राहून म्हणाले, “तुमचं नुकसान झालं दादा.” तो माणूस जवळजवळ चिडलाच. “कशाचं नुकसान? पोरगी वाचली, माही बायको वाचली. बसा, जेवून जा.”

जेवताना मी मुलीला म्हणाले, “उद्या घरी चाल. आता हे बंद.”

“नाही आई.”

“मी तुले विचारून नाही राह्यली.”

“मालूम आहे. पण मी नाही येणार. हात बरा झाला का पुन्हा जाईन.”

मी नवऱ्याकडे पाहिलं. या शिक्षणाला सुरुवातीपासून त्यांचाच विरोध होता. आता ते माझ्या बाजूने बोलतील, अशी माझी खात्री होती. त्यांनी भाकरीचा तुकडा तसाच ताटात ठेवला.

“भेव लागते का तुले?” त्यांनी विचारलं.

तिने गळ्यातला हात सावरला. “लागते बाबा. आता लय लागते.”

“मंग जाय. ज्याले भेवच नाही त्याच्या हाती मी बैलजोडी देत नाही.”

मला त्यांचा राग आला. परतीच्या वाटेवर मी त्यांच्याशी एक शब्द बोलले नाही. घरी आल्यावर पाहिलं, तर ते रात्रीचे अंगणात उठून बसत, दोन दोन दिवस नीट जेवत नसत. पण म्हणाले ते फिरवलं नाही.

प्रदर्शनात मला काही बक्षीस मिळालं नाही. परीक्षकांनी शेऱ्यात लिहिलं होतं की इतिहास अपुरा आहे. त्यांचं चुकलं असं मला वाटलं नाही. पण ते पाकीट मी कपाटातून काढलेलं नाही.

एप्रिल सरता सरता तिला पुन्हा परवानगी मिळाली. तिने आदल्या दिवशी फोन करून सांगितलं. मी ‘बरं’ म्हणाले. दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेच्या कार्यालयात निकालाचं काम चाललं होतं. मी फोन समोर टेबलावर ठेवला होता. मुख्याध्यापकांनी तो पाहिला आणि आपलं काम चालू ठेवलं. बेरजा पुन्हा पुन्हा चुकत होत्या.

मग फोन थरथरला. एकच शब्द होता. ‘उतरली.’

मी तो नवऱ्याला पाठवला. त्यांना मेसेज वाचायची सवय नाही, म्हणून फोनही लावला. पहिल्याच रिंगला त्यांनी उचलला. शेतात नव्हते ते. कुठे आहात विचारलं, तर म्हणाले, शाळेच्या फाटकासमोर, सकाळपासून.