आबांसाठी विमान

माणगावच्या दुकानदाराने माझ्या कॉम्प्युटरचा बाजूचा पत्रा काढला, आत डोकावून पाहिलं आणि माझ्याकडे वळून विचारलं, "वहिनी, ह्याच्यात भजी तळता काय?"

मी वाकून बघितलं. आत तेल होतं. चुकून सांडलेलं नव्हे, नीट चोपडलेलं. स्क्रूंना तेल, तारांच्या टोकांना तेल, पंख्याच्या पात्यांना तेल आणि त्या सगळ्यावर धूळ बसून झालेला काळा चिकटा. वासाबद्दल तर शंकाच नव्हती. आमच्याच वाडीतल्या नारळांचं खोबरेल. दुकानदाराने बोट लावून पाहिलं, हुंगलं आणि म्हणाला, "चालत होता हा? खरंच?"

एवढं धूड घेऊन मी माणगावपर्यंत का गेले होते, ते आधी सांगायला हवं. दिवेआगरला आमची वाडी आहे आणि घराच्या मागच्या खोल्या आम्ही पाहुण्यांना देतो. नवरा पनवेलला नोकरीला, शनिवारी येतो. मुलगा पुण्याला गेला तेव्हा स्वतःचा जुना कॉम्प्युटर इथेच टाकून गेला आणि जाताना त्यातला विमान चालवायचा खेळ मला शिकवून गेला. खेळ म्हणजे बंदुका-बिंदुका नाहीत. खरं विमान चालवतात तसंच सगळं, वारा, उंची, इंधन, धावपट्टी. पाहुणे जेवून समुद्रावर गेले की मी आणि माझं विमान. आळीतल्या बायका मला पायलटीण म्हणतात. म्हणेनात का! त्यांच्या मालिका चालतात, माझं विमान चालतं.

घरात दुसरं माणूस म्हणजे आबा, माझे सासरे. ऐंशी ओलांडलेले, काटक, हट्टी. त्यांची एकच मुलगी, माझी नणंद, मस्कतला असते. तिच्या नवऱ्याच्या किडन्या निकामी झाल्यात, दिवसाआड डायलिसिस. त्याला टाकून तिला इकडे येता येत नाही, कितीतरी वर्षांत आलेलीच नाही. फोनवर आबांचा चेहरा बघते आणि रडते. "वहिनी, मला एकदा त्यांच्या पायांना हात लावायचाय गं. तू त्यांना तयार कर, तिकीट मी काढते." माझ्या नवऱ्याने गोडीगुलाबीने आबांचा पासपोर्टसुद्धा करून घेतला. पण विमानाचं नाव काढलं की आबांचं एकच. "जे कशावर टेकलेलं न्हाय त्यात मी बसायचा न्हाय."

मग मला वाटलं, ह्यांना विमान घरीच दाखवू. मुंबईहून उडवू, मस्कतला उतरवू. एकदा डोळ्यांनी बघितलं की धास्ती जाईल. पण आमच्या जुन्या खेळात सगळा किनारा म्हणजे एक हिरवी सतरंजी आणि शेजारी एक निळी सतरंजी. आबा बघून म्हणाले, "ह्यात आपला समुद्र कुठं हाय?" बरोबरच होतं त्यांचं. खरी जमीन, खरे डोंगर दिसतात तो नवा खेळ त्या डबड्यावर धड सुरूच होईना. जुनाही अधूनमधून बंद पडायचा. थंडीत तर सकाळी पंखाच फिरत नसे, उन्हं वर आली की घरघर सुरू. मी त्यासाठी मुलाला किती बोल लावले असतील! आता कळलं, थंडीत आत तेल गोठत होतं.

मी गेले होते रॅम वाढवायला आणि एक ग्राफिक्स कार्ड बसवायला. दुकानदाराने सरळ सांगितलं, "ह्यातला डबा तेवढा ठेवू. तोही धुऊन."

संध्याकाळी घरी आले तेव्हा आबा ओटीवर कोयत्याला धार लावत बसले होते.

"आबा, कॉम्प्युटरला तेल तुम्ही लावलंत?"

"व्हय."

मान वर नाही, हात थांबला नाही.

"कधी?"

"दर पावसाळ्याआधी लावतो. कोंबड्याच्या पिसानं. पंपाला लावतो, कुलपांना लावतो, कोयत्यांना लावतो, मग तुझ्या यंत्राला न्हाय लावायचं? खारं वारं लोखंड खातं."

"अहो, पण मला विचारायचं तरी!"

"कोयत्यांना लावतो तेव्हा कुठं विचारतो?"

संतापाने माझ्या कानशिलांतून वाफा निघत होत्या. पण संतापाच्या आतून काहीतरी भलतंच वर येत होतं, आणि ते मला सोसवेना. मी विमान घेऊन बसले की हा माणूस उठून वाडीत जायचा. मला कायम वाटायचं, सुनेचं हे खूळ त्यांना खपत नाही. आणि हेच आबा दर वर्षी मी बाजारात गेले की स्क्रू काढून, पिसाने तेल फिरवून, पत्रा जसाच्या तसा लावून ठेवत होते. माझं यंत्र त्यांनी आपल्या कोयत्यांच्या रांगेत बसवलं होतं. मला पत्ताच नव्हता. भांडायचं ते राहूनच गेलं. मी आत जाऊन चहा टाकला आणि चुलीपाशी उगाच डोळे पुसले.

नवा कॉम्प्युटर आला त्या दिवशी आबांनी त्याच्यासमोर नारळ फोडायचं काढलं. मी त्यांना नारळासकट पायरीवर नेलं आणि तेलाची बाटली कपाटात घालून चावी कमरेला लावली. पहिलं उड्डाण आमच्याच गावावरून. आबा खुर्ची ओढून पुढे बसले. आगरदांड्याची खाडी त्यांनी ओळखली, बोर्लीचा रस्ता ओळखला, आमचं कौलारू छप्पर दिसलं तेव्हा तर टाळीच वाजवली. फक्त झाडं पसंत पडली नाहीत. खेळाने आपल्या मनाने कुठलीतरी ठोकळेबाज झाडं लावून टाकली होती. "ही पोफळ न्हाय," आबा म्हणाले. "ही कोणी लावली?" पण मग स्वतःहून विचारायला लागले. मस्कत कुठल्या अंगाला? मधे सगळा समुद्रच? ढगात शिरलं की दिसतं कसं? मी मनात म्हटलं, मासा गळाला लागला.

मस्कतचा दिवस त्यांनीच ठरवला. पाहुणे नव्हते. सकाळी आबा अंघोळ करून, लग्नाकार्याचा सदरा घालून आले. हातात पिशवी. पिशवीत आमसुलं, पोह्याची मिरगुंडं, सुपारी, एक सोललेला नारळ. लेकीकडे रिकाम्या हाताने कोण जातं? मला हसू फुटलं, पण त्यांच्या तोंडाकडे बघून मी ते गिळलं. पिशवी पायाशी ठेवून ते ताठ बसले. मुंबई सुटली, खाली पाणी आणि पाणी. मी म्हटलं, आबा, मध्ये चहा घ्या, पाय मोकळे करा, विमान आपलं आपण चालतं. "विमानातनं उठतात काय?" म्हणाले, आणि सगळी वाट जागचे हलले नाहीत. दोन्ही हातांनी खुर्चीचे हात घट्ट धरलेले. हळूहळू ते हात सैल झाले. ते बघून मला इतका आनंद झाला की काय सांगू!

मस्कतचे उघडेबोडके डोंगर आले, पांढरी घरं आली. मी जीव लावून उतरवलं, चाकं टेकली तेव्हा धक्कासुद्धा बसला नाही. विमान नेऊन इमारतीपाशी उभं केलं, इंजिनं बंद केली.

"आबा, आलं मस्कत. झालं का काही?"

"न्हाय. झ्याक आणलंस." आणि थोड्या वेळाने, "तिला फोन लाव."

जिंकलेच मी! घाईघाईने फोन लावला. नणंद स्वयंपाकघरात होती, ओल्या हाताने उचलला. मी कॅमेरा आबांकडे धरला.

"बाय, आत्ताच तुझ्या गावात उतरलो," आबा म्हणाले. "वहिनीनं आणलं. तुझी पांढरी घरं बघितली, डोंगर बघितले. एकसुद्धा झाड न्हाय गो तुझ्याकडं. पण मला वाटायचं तेवढी तू लांब न्हायस."

ती खळखळून हसत होती. "मग काढू ना आबा तिकीट? खरं?"

"नको," आबा म्हणाले. "आता कशाला? मी येऊन गेलो."

मला वाटलं, थट्टा करतायत. नणंदेलाही तसंच वाटलं असावं, कारण हसू तिच्या तोंडावर तसंच राहिलं होतं. आबांनी फोन माझ्याकडे सारला, पिशवी उचलून टेबलावर ठेवली आणि उठले. "बोर्लीचं कुणी तिकडं निघालं तर त्याच्यासंगं दे."

"अहो आबा, भीती गेली ना तुमची? मग जायला काय झालं?" मी जवळजवळ ओरडलेच. "ती वाट बघतेय! कधीपासनं बघतेय!"

"भीती कवाची गेली. पहिल्यांदा आपलं घर वरनं दाखवलंस तवाच."

"मग?"

"मग काय? माझं वय बघ. तिथं जाऊन मी पडलो तर ती कुणाकुणाला सांभाळंल? एक आजारी माणूस पुरे तिच्या घरात."

असं म्हणून ते वाडीकडे निघून गेले. मी त्यांच्या पाठमोऱ्या सदऱ्याकडे बघत राहिले. फोन बंद करायचं मला सुचलंच नव्हतं. खाली पाहिलं तर नणंद ओला हात तोंडावर दाबून माझ्याकडे बघत होती.