वाघदेवाचा राखणदार

आमच्या कासा गावाजवळ तेव्हा सागाचं, ऐनाचं रान होतं. रानात लाकडात कोरलेला वाघदेव उभा होता आणि त्याच्यापुढची जमीन झाडायचं काम रूपीच्या घराकडे होतं. बाकीच्या पाड्याला देव वाघबारशीच्या सणापुरता आठवायचा. रूपी रोज जायची.

त्या झाडलेल्या मातीत एक हिरवा, चकाकता, लांब पायांचा किडा असे. सुसाट धावे, मध्येच थबके, मुंगी दिसली की झडप घाली. त्याच्या अळ्यासुद्धा मातीतल्या भोकाशी तोंड लावून दबा धरत. रूपी त्याला देवाचा राखणदार म्हणे. तो आहे तोवर देवाची जागा कोणी घेणार नाही, असं सासूने तिला सांगितलं होतं. पाला साचला की तो निघून जातो, म्हणून झाडायचं. किडा चिरडू नये म्हणून ती झाडू आधी हवेत हलवी, मग जमिनीला टेकवी. नवरा लाहू हसायचा. हसू दे, म्हणायची.

साठ सालाच्या सुमारास जंगलाची मोजणी करायला एक साहेब आले. जागा पाहून त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"हे जंगल कोणी साफ केलं?"

रूपी अभिमानाने पुढे झाली. "मीच झाडते, साहेब. माझी सासूबी झाडायची."

शाबासकी मिळेल असं वाटलं बिचारीला! साहेबांनी नकाशात ती जागा मोकळी दाखवली. मोकळी, शिवाय रस्त्यालगत. लाकडाच्या डेपोला आणखी काय हवं? डेपो तिथेच ठरला. लाहू पाया पडला, रूपी रडली.

"झाडं तोडायची आणि वर देव पुढे करायचा," साहेब म्हणाले.

त्या जागेवर कोणी एक फांदी तोडली नव्हती. मला अजून संताप येतो.

देव उपटून डेपोच्या कुंपणाबाहेर टेकवला गेला, तिथे त्याला वाळवीने खाल्लं. भोवतालचं रान ओंडके होऊन डेपोत आलं. रूपीलाही तिथेच काम मिळालं, झाडायचं. साहेबांना आवार स्वच्छ लागे.

पाऊस सरला, ऊन पडलं आणि आवारात हिरवे किडे धावू लागले, पूर्वीपेक्षा जास्तच. त्यांना उघडी माती पुरते, देव लागत नाही. रूपीने सवयीने झाडू हवेत हलवला. एक किडा धावत येऊन तिच्या पावलाशी थबकला. ती त्याच्याकडे बघत राहिली. मग तिने त्याच्यावर टाच ठेवली आणि रगडली.

"राखाया ठेवला व्हता तुला," ती म्हणाली आणि पुढचं आवार झाडू लागली.